नाव ठेवायला

लिही बाई, तूच लिही, माझा चष्मा घरी राहिला.
नाव बोलेथ. वय अडुसष्ट. गाव पामिउत.
कोळंबीच्या कारखान्यात एकतीस वर्षं,
बोटांची टोकं अजून गार असतात, उन्हाळ्यातसुद्धा.
मुलांची संख्या?
तो रकाना शेवटी.

तारीख आठवत नाही.
हिवाळा होता एवढं नक्की, कारण दवाखान्याच्या दाराशी
आमचे सीलच्या कातड्याचे बूट ओळीनं काढलेले
आणि बर्फ वितळून त्यांच्याभोवती डबकी झालेली.
अकरा जोड. मी पाचवी.
डॉर्थे माझ्यापुढे. बाहेर आली ती भिंत धरून,
आणि बूट उलटे घातले तिनं, डाव्यात उजवा.
कुणी हसलं नाही.

डॉक्टरांचं नाव?
त्यांनी सांगितलं नाही.
डॅनिशमध्ये मला तेव्हा बटाटा, खडू, प्रार्थना
आणि 'गप्प बस' एवढंच यायचं.
शेवटचं तेवढं कामाला आलं.

संमती कोणाची?
आई वस्तीवर होती, दोन खाड्यांपलीकडे,
कातडं दातांनी मऊ करत बसलेली.
तिला सही येत होती. वळणदार यायची.
कोणी कागद नेला असता तर.

काय बसवलं?
तांबी म्हण. तांबं नव्हतं तिच्यात,
प्लास्टिकचं वेटोळं, बाळंत झालेल्या बाईच्या मापाचं.
मी तेरा वर्षांची. पाळीसुद्धा आली नव्हती.
पाळणा लांबवायचा तर तो आधी
एकदा हललेला तरी असावा ना?

हे तुझ्या अर्जात नाही, तरी ऐक.
त्याच वसंतात मावशी गेली. इनालुक.
होडी सापडली, ती नाही.
आमच्यात मेलेल्या माणसाचं नाव थांबून राहतं
पुढचं मूल येईपर्यंत. मग त्याच्यात शिरतं,
आणि आपण त्या एवढ्याशा जिवाला म्हणतो,
आलीस का गं, किती उशीर केलास.
आई म्हणाली, हे नाव तुझ्याकडे.
मी म्हटलं, हो.

येन्सराक चांगला माणूस होता.
अकरा वर्षं वाट पाहिली त्यानं, मग दारूकडे वळला, मग उत्तरेला.
गावानं नावं ठेवली,
चर्चच्या पायरीवर, कॉफीच्या कपाआडून.
गावाकडे ठेवायला नावंच नावं.
माझ्याकडे एकच होतं,
ते ठेवायला कोणी नव्हतं.

वेटोळं निघालं ते पिशवीसकट,
नूकच्या इस्पितळात, मी चौतीस वर्षांची असताना.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
हे कधी बसवून घेतलंत तुम्ही?

बसवून घेतलंत.
तुम्ही.
मी खिडकीबाहेर बघत राहिले.
एक माणूस छपरावरचा बर्फ फावड्यानं ढकलत होता.
सगळा ढकलून होईपर्यंत मी काही बोलले नाही.

माफी ऐकली मी, रेडिओवर.
तेव्हा सगळे उभे राहिले म्हणतात. मी बसूनच ऐकली.
रागानं नव्हे, गुडघा.
कायद्यात आता भरपाई आहे, तू सांगतेस,
आकडा चांगला आहे. छप्पर होईल दुरुस्त.
तेव्हाही कोणीतरी आकडेच मांडले असणार:
इतक्या शाळा वाचल्या, इतकी घरं, इतकं दूध.

आता तो रकाना.
शून्य नको लिहूस.
शून्य म्हणजे कोणी थांबलंच नव्हतं.
इनालुक लिही.
संगणक आकडाच घेतो?
मग रिकामा सोड,
पुढच्या टेबलावर कोणी विचारलंच
तर सांग, विसरले नाही, सोडलाय.

सही कुठे, इथे?
बघ, आईसारखी येते.

आणि ते बूट दे जरा जवळ.
डावा आधी.