शेवटचा नंबर

वीज तोडायला मला पाठवलंय.
मेन स्ट्रीट आणि चौथी गल्ली, कोपऱ्यावरची इमारत.
दर्शनी पाटी अजून सांगते : गालिचे, निम्म्या दरात.
पत्रा उचकटला की मागं दगडात कोरलेलं :
सफायर. १९०९.

तळघरात रंगपटाच्या खोल्या. भिंतीवर पेन्सिलीनं :
"इथलं पाणी गार, मॅनेजर त्याहून गार."
"ऑटिली क्रूगर आणि तिची सात कुत्री, मार्च १९१४."
खाली, दुसऱ्याच अक्षरात :
"सहा. एक डेटनच्या गाडीत राहिलं."

रोज तीन खेळ, रविवारी चार.
तबकं फिरवणारा, करवतीतून सूर काढणारी,
तोंडाला काजळी फासून हसवणारे दोघे गोरे भाऊ.
आणि ज्यांची नक्कल चालायची, ती माणसं
पार वर, दुसऱ्या माळ्यावर,
बोळातल्या दारानं, चौऱ्याऐंशी पायऱ्या चढून.
कोरा पेटिफर्ड लाँड्रीतून थेट तिथं यायची, हात ओलेच.
तिची नात माझ्या आईबरोबर शिवणकामाला होती,
तिनं सांगितलेलं :
जादूगाराचा दुसरा हात
फक्त आमच्या आजीला दिसायचा.

कार्यक्रमात शेवटचा नंबर मुद्दाम रद्दी ठेवत,
लोक उठावेत, पुढच्या खेळाला
खुर्च्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून.
एकदा त्या जागी हलती चित्रं लावली :
आगगाडी, थोडा धूर, समुद्राची एक लाट.
लोक उठले.
आठवडाभर उठले.
मग कुणीतरी एकजण बसून राहिला.

कुत्री गेली. करवत गेली.
चित्रं बोलायला लागली त्या शुक्रवारी
पिटातले अकरा वादक गेले,
क्लॅरिनेटवाला लिंडनर पोस्टात चिकटला,
शिक्के म्हणे तालात मारायचा.
मग चित्रंही गेली, घरोघरी डबा आला.
मग गालिचे. छतावरच्या पंखवाल्या पोरांना
कुणीतरी पोपटी रंग दिला,
का, ते विचारायला आता कुणी नाही.

बोळातलं दार विटांनी बुजवलंय.
आतून गेलो, पायऱ्या मोजल्या.
पंच्याऐंशी भरल्या.
उंबरठा कोरानं धरला नसावा.

वरून पाहिलं : रंगमंचावर माझी शिडी,
माझी हत्यारांची पेटी,
आणि मी चालू ठेवून आलेला एक बल्ब.

खालून फोरमन ओरडला : झालं का?
एक नंबर राहिलाय, म्हणालो,
आणि बसून राहिलो.