वटणावळ

व्हियासोनच्या पुलाच्या या टोकाला सात वाजतात
तेव्हा त्या टोकाला, अर्जेंटिनात, आठ वाजून गेलेले असतात.
मावशी म्हणायची, पहिली वटणावळ तिथंच कापतात,
नोट बाहेर काढायच्या आधी, अख्खा एक तास.

ती उतारावर बसायची, नेमेसिया तोलाबा.
लाकडी खोकं, कॅल्क्युलेटर, गुडघ्यांवर लामाच्या लोकरीचं कांबळं,
आणि वही.
सदतीस वर्षांत एकोणीस वह्या.
डावीकडे पेसो, उजवीकडे बोलिव्हियानो,
मधली रेघ बिस्किटाच्या पुड्याच्या कडेनं मारलेली,
म्हणून ती कुठं कुठं पुलाखालच्या नदीसारखी वाकते,
जी नदीही नावापुरतीच आहे.
पहिल्या वहीत तर पेसोसुद्धा नाही,
ऑस्ट्राल नावाचं काही तरी आहे
आणि त्याच्यापुढे शून्यं, मेंढरं कुंपणातून सुटावीत तशी.

परवा ला पासहून एक मुलगा आला. अर्थशास्त्राचा.
त्याच्याकडे बँकेचा तक्ता होता:
दिवसाला एक आकडा, रविवार कोरे.
वहीतले रविवार भरलेले पाहून तो चकित झाला.
मी म्हटलं, बाबा, रविवारी माणसं मरतात,
आणि पेटी ज्या बाजूला स्वस्त, त्या बाजूनंच येते.

समासात काय लिहिलंय, त्यानं विचारलं.
समासात: वारा.
पीठ तिकडून. पीठ तिकडून. वारा.
पीठ इकडून.
ज्या देशाचा पैसा पडतो
त्याचं पीठ दुसऱ्याच्या पाठीवर बसून पूल ओलांडतं.
हमाल एलेउतेरियो कालिसायाला अक्षर येत नव्हतं,
त्याला भाव मणक्यात कळायचा.
जाताना मोकळा आणि येताना पन्नास किलो, तर पेसो घसरला.
जातानाच वाकलेला, तर घसरलो आपण.
बँकेच्या आधी दोन दिवस सांगायचा.

मग नववी वही.
दोन हजार दोनचा मार्च.
डिसेंबरात पेसोला सहा सत्तर मिळत होते,
आणि आता सकाळी दोन ऐंशी, दुपारी दोन साठ,
लोक रांगेत उभे असतानाच रांग गरीब होत होती.
त्या दोन साठच्या खाली एकच ओळ:
तीनशे वीस पेसो. दर सहा सत्तर.
समास कोरा. वारासुद्धा नाही.

मुलानं त्या ओळीवर पेन्सिल टेकवली.
चुकून लिहिलं असेल, म्हणाला.
मावशीनं चुकून कधी मीठही जास्त घातलं नाही.
एलेउतेरियोची बायको त्या हंगामात हुहुयच्या उसात होती,
कमाई तिनं चहाच्या डब्यात ठेवलेली,
एक पेसो म्हणजे एक डॉलर, असं सगळेच सांगत होते म्हणून.
पण ती आली होती की दुसरं कुणी, मला ठाऊक नाही.
माझा अंदाज आहे,
आणि अंदाजाला पुलावर कुणी भाव देत नाही.

एक मात्र दिसतं, बोट ठेवून दाखवता येतं:
दुसऱ्या दिवसापासून डिसेंबरपर्यंत
मावशीची वटणावळ पेसोमागे एक सेंटाव्हो जास्त.
सगळ्यांना. हमालांना, शाळामास्तरांना,
टोमॅटोवाल्या बायकांना, माझ्या आईला.
सख्ख्या बहिणीकडूनसुद्धा तिनं तो सेंटाव्हो सोडला नाही.
म्हणजे ते सहा सत्तर अख्ख्या पुलानं भरले,
कुणालाही न विचारता.
याला चांगुलपणा म्हणावं की लबाडी,
मी रात्रभर बेरजा करून पाहिल्या, जमल्या फक्त बेरजा.

मुलानं ती ओळ गाळली.
आता त्याचा आलेख सरळ उतरतो, ठेच न लागता.
पण पुढच्या नऊ महिन्यांतला तो सेंटाव्हो
गाळायचा त्याच्या ध्यानातच आला नाही.
तो राहिला आहे तिथं,
रोज, रविवारीसुद्धा.
खाली टीप द्यावी लागते म्हणून त्यानं लिहिलं:
कारण अज्ञात.

जाताना त्यानं माझ्याकडूनच पैसे बदलून घेतले.
मी घड्याळ पाहिलं. कुठल्या बाजूचं, ते आठवत नाही.
समासात लिहिलं: वारा.
पीठ इकडून.