पावकी

कार्डावर तुझं नाव मावलं नव्हतं.
भालचंद्र पटव—
इथेच अक्षरं संपली,
आणि तू हसून म्हणायचास, बँकच सांगतेय, पटव.
मला कधी पटवलं नाहीस. सांगितलंच नाहीस.

नवव्या दिवशी गॅरेजमध्ये,
बर्फ ओढायच्या फावड्यामागे,
बुटांच्या खोक्यात चार कार्डं निघाली
आणि रबरबँड लावलेली पाकिटं.
एकतीस हजार चारशे बारा डॉलर.
दोन कार्डांवर माझीही सही होती,
कधीतरी भाजी चिरता चिरता
ओले हात पदराला पुसून केलेली.

डेब्रा नावाच्या बाईचा फोन आला.
तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत आज किती भरू शकाल,
एका दमात, मध्ये पूर्णविराम नाही.
मी म्हटलं, बाई, सुतक आहे.
तिने स्पेलिंग विचारलं.

व्याज चोवीस पूर्णांक नव्याण्णव.
म्हणजे पावकीच.
मिरजेच्या शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेली
डुलुथच्या स्वयंपाकघरात आठवली:
एक पाव पाव, दोन पाव अर्धा,
तीन पाव पाऊण, चार पाव एक.
चौथ्या वर्षी कर्जाला
कर्जाएवढंच पोर.

तू मला कधी पत्र लिहिलं नाहीस.
ही पाकिटंच तुझी पत्रं; वाचायला बसले.
चौदा मार्च, दातांचा दवाखाना, अकराशे वीस.
तो माझा दात. विमा देतो म्हणाला होतास.
विमा कागद-गिरणीबरोबरच बंद झाला होता.
विमानाचं तिकीट, माझ्या भाचीच्या लग्नाचं.
आठ महिने रोज सकाळी डबा घेऊन निघत होतास,
कुठे बसायचास रे?
पुलाजवळचा पेट्रोल पंप, कॉफी, एक डॉलर नव्वद.
कॉफी, एक डॉलर नव्वद.
कॉफी.
कळलं, कुठे.

आणि हे काय, बर्फातल्या मासेमारीचं सामान, दोनशे साठ!
तू? बोंबलाच्या वासाने रस्ता बदलणारा?
शेजारच्या आरव्होने ते दोनशे दहाला नेलं,
काही विचारलं नाही,
फक्त म्हणाला, एकदा मी त्याला तिथे पाहिलं होतं,
गोठलेल्या तळ्यावर. गळ टाकला नव्हता. नुसता बसला होता.

रागावले. खूप रागावले.
चारही कार्डं विळीवर चिरली,
पाती बोथट झाली, आणि कर्ज होतं तेवढंच.

चर्चच्या तळघरात लोइस नावाची म्हातारी फुकट हिशेब शिकवते.
म्हणाली, सगळ्यात लहान कर्ज आधी फेड,
मग पुढचं, बर्फाचा गोळा घरंगळतो तसं.
मी म्हटलं, बर्फाचं नको सांगू, घरापुढचा रोज उपसते.
आमच्याकडे थेंबे थेंबे तळे साचतं.
मला आटवायचंय.

पहाटे चारला बेकरी, अकराला शाळेचं कॅन्टीन,
केसांना पिठाचा वास, हातांना ब्लीचचा.
तुझी गाडी विकली. बांगड्या मोडल्या, दोन ठेवल्या.
एका डिसेंबरात हीटर बिघडला
आणि पुन्हा तीनशे चढले;
त्या रात्री तुझ्या फोटोला पाठ करून झोपले.

सहा वर्षं.
शेवटी उरले चव्वेचाळीस डॉलर.
पैसे होते, तरी दोन महिने भरले नाहीत.
ते भरले की तुझ्या नावाचं पाकीट यायचं थांबणार,
भालचंद्र पटव—, खिडकीतून डोकावणारा.
दोन महिन्यांचं व्याज तीन डॉलर.
तेवढं मी स्वतःवर उधळलं.

मग भरले.
मंगळवार होता. बंदरात जहाजाचा भोंगा वाजला,
तो कोणासाठीही वाजतो.

परवा पुन्हा एक पाकीट आलं, नवीनच बँकेचं:
भालचंद्र पटव—, अभिनंदन, आपली निवड झाली आहे.
चहा गार होईपर्यंत हसले.
नाही पटत, म्हटलं,
आणि विळीला धार लावायला घेतली.