मामलेदार

दुकानदार म्हणाला होता, हा वाढत नाही.
तेव्हा मुठीएवढा होता खरा,
बुटांच्या खोक्यात बसून रिक्षानं खोपटला आला.

दिवाळीपर्यंत खोकं गेलं, पोपटाचा पिंजरा गेला,
मग लोखंडी आणला, मोठा,
त्याच्या जाळीनं तळव्यांना फोड आले.
आम्हाला कळायला तीन आठवडे लागले.
त्याला सांगता येत नाही,
आणि पायांकडे कोण बघतं?

आता साडेसहा किलो.
हनुवटीखाली पदर लोंबतो, पोट मांडून बसतो,
म्हणून मामलेदार.

इंद्रदेव सुतारानं माप घेताना विचारलं, कुत्रा का?
मग पिंजरा नकोच म्हटलं.
बाल्कनी दिली, निम्मा हॉल दिला,
खाली जुनी सतरंजी, कोपऱ्यात घमेलं, शेजारी गवत:
जिथं बसतो तिथंच खातो, लाज नाही.
टीव्हीची वायर एकदा, फोनची दोनदा,
आणि पॉलिसीच्या कागदाचा नेमका सहीचा कोपरा.
दात वाढतच राहतात त्याचे, मरेपर्यंत.
हेमांगी म्हणते, आमच्या ऑफिसात असे पुष्कळ आहेत.

गाजर जवळजवळ बंद. कुणाला पटत नाही.
मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या,
आणि संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी
जांभळी नाक्याची वत्सलाबाई
उरलेल्या दूर्वा देते, वीस रुपयांत पिशवीभर.
जुडीचा दोरा आधी सोडायचा. विसरायचं नाही.

रात्री दोनला मागचा पाय आपटतो. धप्प.
कशाला भितो, त्यालाच ठाऊक.
खालचे टिपणीस झाडूच्या दांड्यानं छतावर उत्तर देतात,
आणि महिन्याला एक, सोसायटीकडे अर्ज.

मे महिन्यात एका रात्री वीज गेली ती सात तास.
पंच्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली,
शहाबादी फरशीचा तुकडा,
कानांवरून ओला हात, पुन्हा ओला हात.
त्यानं दूर्वा हुंगली आणि तोंड फिरवलं.
डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या,
बारा तास पोट थांबलं, तर मग अवघड.
मी पोटाला कान लावला.
सुट्टीच्या दिवशीची पिठाची गिरणी.
गवताची पेज सिरिंजनं, ओठांच्या कडेनं,
निम्मी माझ्याच मनगटावर.

पावणेतीनला दार वाजलं.
टिपणीस. बनियन, लुंगी, हातात बॅटरी.
म्हणाले, आज आवाज आला नाही.

मग ते गेलेच नाहीत.
गुडघे धरत सतरंजीवर बसले,
जुन्या वर्तमानपत्रानं वारा घालत राहिले,
मधेच म्हणाले, कान केवढे पातळ असतात हो.
अर्जाचा विषय कुणी काढला नाही.

साडेपाचला घमेल्यात चार लेंड्या.
एरवी वाटाण्याएवढ्या, आज मिऱ्यांएवढ्या,
पण चार.
टिपणिसांनी चष्मा लावला,
बॅटरी जवळ धरली
आणि पाचवी शोधून काढली.