दोन खुणांच्या मधे

काचेची वाकडी नळी.
एका भुजेवर बारीक कोरलेल्या दोन रेघा.
द्रव वरच्या रेघेवरून खालच्या रेघेवर उतरतो,
तेवढा वेळ मोजायचा. बस्स.
"एवढंच?" मी पहिल्या दिवशी विचारलं.
"एवढंच," धकाते मॅडम म्हणाल्या,
"मला एकतीस वर्षं लागली."

गोळीबार चौकामागे कोष्टीपुऱ्यात
बाप मागावर, आई पांजणीला.
गल्लीभर ताणलेला ताणा, आंबूस कांजीचा वास.
आई बोटावरून खळ ओघळू द्यायची
आणि थेंबाकडे न बघताच सांगायची:
"पातळ झाली वं. धागा तुटन."
आठ वर्षांची शेवंता थेंबाकडे बघत राहायची.
पुढे ज्याला पुस्तकात श्यानता म्हणाले
ती तिला आधीपासून ठाऊक होती,
फक्त आकडा नव्हता.

प्रथिनाच्या रेणूला किती पाणी बिलगून असतं
हे मोजणारी ही बाई
सकाळी दहा ते संध्याकाळी सहा
स्वतः घोटभर पाणी प्यायची नाही.
विभागात बायकांसाठी संडास नव्हता.
तो बांधला तिच्या अकराव्या अर्जानंतर,
आणि उद्घाटनाला कुलसचिव आले, फीत घेऊन.

दिल्लीची समिती म्हणाली,
नागपूरच्या आहात, संत्र्यावर करा काही.
केलं. सालीतलं पेक्टिन दिवसा,
आणि त्याच अनुदानातल्या उपकरणांवर रात्री
भंडाऱ्याचा कोसा.

रात्रीच, कारण मे महिना.
पाण्याचा हौद पंचविसावर धरायचा
आणि बाहेरची भिंत पहाटे दोनलाही
हात लावू देत नाही.
गुलाब उईके इतवारीहून बर्फ आणायचा,
भुशात, पोत्यात, सायकलला बांधून.
अर्धा वाटेतच कॉटन मार्केटला वितळलेला.
"मॅडम, उरला तेवढा आणला."
उरला तेवढ्यात भागवायचं हे शास्त्र
कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं.

एखाद्या पोरानं वहीत लिहिलं
'तापमान: खोलीचे',
की ती पानावर आडवी काट मारायची.
"नागपुरात खोलीचं तापमान असं काही नसतं, बाळा.
कोणती खोली? कोणता महिना? पंखा चालू होता?"

तापवलं की रेणू उकलतो, हे सगळ्यांना माहीत.
तिच्या आलेखात तो उकलता उकलता
मधेच थांबला होता.
ना पुरता गुंडाळलेला, ना पुरता मोकळा.
जिन्यात कुणी हाक मारल्यासारखा.
लंडनहून शेरा आला:
श्री. डकाटे यांचा थर्मोस्टॅट
उष्ण हवामानामुळे बिघडलेला असावा.
तिनं सहाशे बारा वाचनं पाठवली.
उत्तर आलं नाही.

नऊ वर्षांनी कुणाच्या तरी महागड्या यंत्राला
तोच थांबा दिसला.
तळटीप सतरा, बारीक टाइपात: डकाटे, नागपूर.
मी संतापले, टेबलावर मासिक आपटलं.
तिनं चष्मा वर केला, ओळ वाचली,
खालचा आकडा बोटानं तपासला.
"नाव चुकलंय," म्हणाली, "आकडा बरोबर आहे."
आणि चहा सांगितला. मला अजून ते माफ करता येत नाही,
तिला की त्यांना, कळत नाही.

निरोपाला शाल-श्रीफळ. नळी मागितली तर
ती डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली,
निर्लेखनाशिवाय देता येत नाही म्हणाले.

गेल्या वर्षी ती गेली. वह्या माझ्याकडे आल्या.
सत्तेचाळीस वह्या, प्रत्येक वाचन तिनदा,
तापमान दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत.
फक्त एका वहीच्या मागच्या पानावर
पेन्सिलीनं, कुठेही न छापलेलं:

तांदळाची खळ, सौम्य करून. आईनं बोटानं ठरवलेली.
आईची पातळ: ९१.४ सेकंद.
आईची घट्ट: २०६.०
आईची बरोबर: १४३.२, १४३.२, १४३.२

तापमान: खोलीचे.