पान एकशे बारा

पुस्तक पुन्हा आलंय,
यंदा तिसऱ्यांदा,
मासुंद्याजवळच्या वाचनालयातून, कापडी पिशवीत,
चिठ्ठीसकट: पान ११२ सुटले आहे. शिवून द्यावे.
समासातले लिखाण खोडावे.
सोबत नवं कोरं खोडरबर.

मी खारकर आळीत बाइंडिंग करते.
मैद्याची खळ शिजवते, चिमूटभर मोरचूद घालून.
पाटीवर सासऱ्यांचं नाव, बिलावर दिरांचं,
नखांत अडकलेली खळ तेवढी माझी.

बाकीची पुस्तकं कण्यात मोडतात,
नाहीतर वाळवी खाते.
हे दर वेळी एकाच पानाशी उसवतं.
जिथे हात जास्त थांबतात तिथलीच शिवण जाते,
हे बाइंडरला कळतं.
लिहिणारीला कळलं असेल का कोण जाणे.

त्या पानावर फार काही घडत नाही.
पगाराच्या दिवशी बाई घरी येते.
पाकीट कोणाच्या हातात द्यायचं
हे त्या घरात कधी कोणी विचारलेलं नाही.
ती ते पर्समध्येच राहू देते
आणि चहाचं आधण ठेवते.
पाणी उकळेपर्यंत कोणी बोलत नाही.
एवढंच.

पान उजेडात धरलं.
एकीने नुसती रेघ मारलीय,
खोडायला सोपी जाईल इतकी फिकी.
एकीने लिहिलंय, मी असंच केलं. चहा कोणी प्यायलं नाही.
खाली निळ्या शाईत, वेगळं वळण:
मी प्यायले असते.
हळदीचा अंगठा. कळव्याच्या बसचं तिकीट.
आणि ठाम, तिरक्या अक्षरात कोणीतरी:
अशानेच संसार मोडतात.
त्यापुढे एक प्रश्नचिन्ह,
इतकं दाबून काढलेलं
की पान ११३ वाचताना बोटाला लागतं.

मागच्या खिशातलं कार्ड वाचलं. वाचायचं नसतं खरं तर.
श्री. कारखानीस, पत्नीकरिता.
मग सौ. कारखानीस.
मग बऱ्याच वर्षांनी उषःप्रभा कारखानीस,
तीच की तिची सून, कळायला मार्ग नाही.
राबोडीची शाहिस्ता मुकादम लागोपाठ तीनदा,
दंड भरून.

पुस्तकाने बायका सुटतात असं मी म्हणणार नाही.
माझी नणंद अक्षर न वाचता सुटली.
वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापक बाई यावर शिकवतात,
आणि अजून बेल वाजली की
आधी डोळे पुसतात, मग दार उघडतात.
तरी पान सुटतंच.
कोणी ना कोणी तिथवर येऊन थांबतेच.

खोडरबर खणात टाकलं.
दोऱ्याला मेण लावून पान शिवलं,
दाभण समासातल्या अक्षरांना चुकवत,
आणि शिवण जरा सैल ठेवली.
ते तिथेच उघडणार, तर ओढ कशाला?

बिल केलं. एक पान शिवणे, रुपये पंचेचाळीस.
घेणाऱ्याचं नाव.
इथे दीर सही करतात, जेवून, झोपून, पाचला आल्यावर.
साडेचार झाले होते.
मी लिहिलं: प्रमिला ठोसर.
पेन नवं नव्हतं, ठो वर शाई साचली.
टिपकागद शेजारीच होता,
लावला नाही.

आत जाऊन आधण ठेवलंय.
जिन्यात चपला वाजतायत.