मोड

निघताना साहेबांनी पाकीट सील केलं, पुन्हा फोडलं,
पुन्हा मोजल्या: चार नोटा.
करकरीत, अजून जन्माला न आलेल्या.
मोठी नोट परत यायची होती
चाळीस वर्षांनी, नव्या कपड्यांत.
चित्र माझं. पुढं इलिमानी, मागं कोंडोर,
कडेला सात उभ्या रेघा, न दिसणाऱ्यांसाठी,
ज्या मी चांगल्या उजेडात बसून काढल्या होत्या.

ला पासच्या रोद्रीगेस बाजारात, चढावर,
फ्रुक्तुओसा चोकेवांका बसते
हाबाच्या वाळक्या दाण्यांच्या ढिगामागे.
अठ्ठावीस वर्षं दिसत नाही तिला.
चिल्लर अजून एकदाही चुकलेली नाही.

नोट तिनं आधी कानाशी नेली.
चुरगाळली. (मी आतल्या आत कळवळलो.)
मग हुंगली.
"शाई ओली आहे. कितीची?"
"तुम्हीच सांगायचं. त्यासाठीच आलोय."
अंगठा फिरला, पंखावर अडला.
"इथं खरखरतंय. दगड?"
"पक्षी."
"बरं. पक्षी."

सातातल्या पाच रेघा लागल्या तिला.
मी वहीत लिहिलं: पाच.

"मोठ्या नोटा मला नको सांगू," ती म्हणाली.
"त्या वर्षी आई पावाला पोतं घेऊन जायची,
पैशाचं.
मोजत कोण होतं? वीत लावायचे.
सकाळी एक वीत नोटांना कोंबडी,
संध्याकाळी दीड वीत.
तेव्हा दिसायचं मला. शून्यं मी नोटेवर शिकले,
शेवटच्या शून्यापाशी बोट पोचेस्तोवर
कोंबडी आणखी महाग.
ही त्यांचीच नात का?"
"ही मजबूत आहे."
"कागद, की पैसा?"

ह्याचं उत्तर पाकिटात नव्हतं.

"जानेवारीत आलासितासच्या जत्रेत
बोटाएवढ्या नोटा मिळतात, एकेकोला वाहायच्या.
त्यांच्या गड्ड्याच्या गड्ड्या आहेत माझ्याकडे.
लखपती आहे मी,
बोटाएवढी."

हसली. शेजारची बटाटेवाली पण हसली,
तिला कशावर ते ठाऊक नव्हतं.

मग नोट माझ्या छातीवर टेकवून म्हणाली:
"आता तू सांग. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक
ही घेऊन आलं, पाव किलो हाबा मागितले,
तर मी मोड कुठून आणू?
मासेवालीकडं जाऊ, कुलूपवाल्याकडं जाऊ,
भिंत चाचपत, ढीग उघडा टाकून?
बड्याच्या खिशातली बंदी नोट,
मोडायची आम्ही.
तुझा एक पक्षी मोडायला
अख्खी गल्ली लागते रे पोरा."

चारही नोटा परत दिल्या, घडी न घालता.
माझ्या टोपीत ओंजळभर दाणे ओतले.
"साडेतीन झाले. नंतर दे.
सुट्टे आण."

अहवालात लिहिलं: रेघा ठळक कराव्यात.
दोन रेघांमधलं अंतर वाढवावं.
'इतर शेरे' पुढं जागा होती, तिथं लिहिलं:
मोड मिळत नाही.
साहेबांनी तांबड्या पेनानं त्याला गोल केला,
विचारलं, हे तांत्रिक आहे का?
मी म्हणालो, नाही.
मग खोडा, म्हणाले. मी खोडलं.

दाणे टेबलावरच्या कपात भिजत राहिले.
सूप करायचं होतं, विसरलो.
इतक्या उंचावर, इतक्या थंडीत
काही होईल असं वाटलं नव्हतं.
नवव्या दिवशी, पत्रे छापखान्यात गेले त्या दुपारी,
एका दाण्याला मोड आला.
एकालाच. पांढरा, वाकडा,
अंगठ्याला सहज लागेल इतका.

तिचे साडेतीन अजून द्यायचेत.
दोनदा चढ चढून गेलो.
खिशात शंभराची आहे.